समुदाय महाविद्यालय आणि गावाची कामे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या चालकांनी मला ‘समुदाय महाविद्यालय व लोकसहभाग’ असा विषय नेमून दिला आहे. लोकसहभाग हा शब्द आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकला आहे की, तो कानांवर पडताच प्रभातफेरी, श्रमदानाचे फावडे आणि वृक्षारोपणाचा खड्डा ही तीन चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. त्यांतील खड्डा बहुधा गेल्या वर्षीचाच असतो. मला आज या तिन्हींविषयी बोलावयाचे नाही. महाविद्यालयाने गावाचे नेमके कोणते काम अंगावर घ्यावे, आणि त्या कामाचे पैसे गावाने द्यावेत की नाहीत, या प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

प्रथम या संस्थेच्या कुळाविषयी थोडेसे. १९०१ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी माध्यमिक शाळेच्या जोडीलाच दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू केले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. घर सोडून दूरच्या विद्यापीठात जाणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांची सोय व्हावी एवढाच त्यामागील हेतू होता. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षणविषयक आयोगाने अशा संस्थांचा पुरस्कार केला आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव तेथे रूढ झाले. वयाची अट नाही, प्रवेशाचा दरवाजा मोकळा, आणि दिवसा काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, ही त्यांची ओळख ठरली.

आपल्या देशात १९९५ साली पुदुच्चेरी येथे व १९९६ साली मद्रास येथे अशी महाविद्यालये निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात त्यांची रीतसर योजना आखली. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र ३० श्रेयांकांचे, एक वर्षाची पदविका ६० श्रेयांकांची, दोन वर्षांची प्रगत पदविका १२० श्रेयांकांची, आणि ज्याला पुढे जावयाचे असेल त्याला व्यवसाय शिक्षणातील पदवीची वाट, अशी ती रचना होती. कौशल्याच्या भागाला अधिक वजन व सामान्य शिक्षणाला त्याहून कमी, हे तत्त्व तीत होते. महाविद्यालयाने परिसरातील उद्योगांशी करार करावा आणि त्यांच्या गरजा पाहून अभ्यासक्रम ठरवावा, अशीही अपेक्षा होती.

अडचण येथेच सुरू होते. ज्या तालुक्यात कारखान्याची चिमणी दिसत नाही, त्या तालुक्यातील महाविद्यालयाने करार कोणाशी करावयाचा? पुष्कळ ठिकाणी तो दूरच्या शहरातील एखाद्या आस्थापनेशी होतो, कागद फाइलीत लागतो, आणि मुले वर्षातून एकदा बसने जाऊन ती आस्थापना पाहून येतात. माझे म्हणणे असे की, आपल्या खेड्यापाड्यांतून दुरुस्ती व देखभालीच्या कामाची सर्वांत मोठी गरज जर कोणाला असेल, तर ती ग्रामपंचायतीला आहे. तिच्याकडे विहिरीवरचा पंप व त्याचा स्टार्टर आहे, जलवाहिनीचे व्हॉल्व्ह आहेत, हातपंप आहेत, पथदिवे आहेत, शाळेची दारे, खिडक्या व बाके आहेत. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून घरोघर नळ देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. पण जितके नळ, तितके सांधे, आणि जितके सांधे, तितकी गळती. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येईपर्यंत चार दिवस जातात, आणि त्या चार दिवसांत हंडा कोणाच्या डोक्यावर असतो, हे या सभेतील भगिनींना सांगावयास नको.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना देशापुढे ठेवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रयतेच्या मुलांच्या अंगवळणी पाडले. जे. पी. नाईक यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभारले, आणि पुढे हेच नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असताना त्या आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. कार्यानुभवाचे आपण काय केले, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. कागदाची फुले आणि खडूच्या कांड्या यांवर तो बव्हंशी निभावला.

निभावून न नेता तो चालविण्याचा एक प्रयत्न मला विस्ताराने सांगावासा वाटतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ हे अवर्षणग्रस्त भागातील गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. नोकरीतून मुदतीआधी निवृत्त होऊन त्यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. भारतीय शिक्षण संस्थेचे ते एक केंद्र होय. त्याला कोणी समुदाय महाविद्यालय म्हटले नाही. परंतु त्या नावात जो अर्थ अभिप्रेत आहे, तो तेथे पुरेपूर आढळतो.

तेथील ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम मुख्यतः शाळेत न रमलेल्या मुलांसाठी आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग असून प्रत्येक विद्यार्थ्याला चारही विभागांतून जावे लागते. आपली मुले एकाच कौशल्यात लवकर बंदिस्त केली जातात. खेड्यात मात्र निव्वळ वेल्डिंगवर किंवा निव्वळ वायरिंगवर पोट भरेल एवढे काम बारमाही मिळत नाही. ज्याला चार कामे येतात तो गावात टिकतो, आणि ज्याला एकच येते त्याला शहराची बस पकडावी लागते. कलबागांनी हे व्यावहारिक सत्य ओळखले होते. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी विद्युतरोध मोजण्याचे यंत्र चालविणे, भूमितीय घुमटाची घरे उभारणे, जुन्या जीपचे भाग वापरून लहान ट्रॅक्टर बनविणे, अशी कामे तेथे झाली. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅबलॅब स्थापन झाली. त्या संस्थेच्या आवाराबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅबलॅबांपैकी ती एक.

याच पद्धतीचा शालेय अवतार म्हणजे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा विषय. आठवड्यातील एक दिवस मुले हाताने काम करतात, आणि मुलगे व मुली असा भेद न करता चारही विभागांचे काम सर्वांना करावे लागते. मुलगी वेल्डिंगचा होल्डर हाती धरते आणि मुलगा शिवणयंत्रावर बसतो. मातीपरीक्षण, रक्तगट व हिमोग्लोबिन तपासणे यांसारख्या सेवा गावाला दिल्या जातात, आणि त्यांचा मोबदला घेतला जातो.

या मोबदल्यापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. कारण येथेच आपल्याकडे मतभेद होतात. विद्यार्थ्यांनी पैसे घेणे अनेक शिक्षकांना अप्रशस्त वाटते. सेवा ही निरपेक्ष असावी, असे ते म्हणतात. पंचायत सदस्यांनाही फुकटचे काम स्वाभाविकपणे आवडते. मीही पुष्कळ वर्षे याच मताचा होतो. एका शाळेचे लोखंडी फाटक आमच्या मुलांनी वेल्डिंग करून बसविले आणि तीन आठवड्यांत त्याची एक बिजागरी सुटून फाटक कलले. ते काम फुकट होते. सरपंच मला भेटले, हसले, चहा पाजला, आणि फाटकाविषयी चकार शब्द बोलले नाहीत. पुढे त्यांनी गावच्या मिस्त्रीकडून ते पैसे देऊन नीट करून घेतले, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्या मुलांना आपली चूक कधी समजलीच नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही साहित्याचा खर्च आणि मजुरी यांचे रीतसर बिल दिले. त्या वर्षी पाण्याच्या टाकीचे झाकण नीट बसले नाही, तेव्हा तेच सरपंच दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळेत येऊन चांगले खडसावून गेले. मुलांनी ते झाकण उतरवून, कापून, पुन्हा जोडून दिले. त्या दिवशी जे शिक्षण झाले, ते माझ्या वर्गात वर्षभरात झाले नसते. पैसे देणाऱ्याला तक्रार करण्याचा अधिकार असतो, आणि गावाने तक्रार करावी यासाठीच त्याने पैसे द्यावेत, असे माझे मत आहे.

गावच्या मिस्त्रीचे पोट यामुळे मारले जाईल, ही शंका खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. आमच्याकडेही ती उद्भवली. त्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. दर बाजारभावाहून फारसा खाली ठेवला नाही, आणि दोन मिस्त्रींना मानधनावर शिकविण्यासाठी बोलाविले. त्यांतील एकाला लिहिता येत नव्हते. पण मोटारीचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेले की वाइंडिंग जळले, हे तो सांगत असे. त्याला शिक्षकांच्या खोलीत खुर्ची द्यावी की नाही, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या, हेही मी लपवीत नाही. खुर्ची अखेर मिळाली.

ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण जिभेच्या सवयीने अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांची भीती निराळी असते. महाविद्यालयाला पैसे दिले आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर वसुली कोणाच्या पगारातून? ही भीती अवास्तव नाही. म्हणून रक्कम विद्यार्थ्याच्या हाती कधीही देऊ नये. ती संस्थेच्या नावे द्यावी व संस्थेची पावती घ्यावी. दरपत्रके मागविण्याचा जो नियम इतरांना लागू, तो महाविद्यालयालाही लागू करावा. साहित्य पंचायतीने स्वतः खरेदी करून साठा नोंदवहीत चढवावे, आणि काम पूर्ण झाल्यावर त्याची पाहणी शिकविणाऱ्याने नव्हे, तर पंचायतीने नेमलेल्या माणसाने करावी. विजेच्या खांबावर किंवा चालू वाहिनीवर विद्यार्थ्याला कदापि चढू देऊ नये. ते काम परवानाधारकाचेच आहे, आणि या बाबतीत हौसेला मुळीच वाव नाही.

प्रमाणपत्राचाही प्रश्न आहे. पालक विचारतात, याला पुढे किंमत काय? कागदावर श्रेयांकांची वाट आहे, हे मी सांगितले. प्रत्यक्षात मात्र, आमचा मुलगा ‘कॉलेजात’ आहे असे सांगताना बापाचा आवाज मोठा असतो, आणि ‘पंपाच्या कोर्सला’ आहे असे सांगताना तो खाली जातो. हा आवाज परिपत्रकाने वर येणार नाही. गावाच्या पाणीपुरवठ्यावर माणूस नेमताना पंचायतीने या प्रमाणपत्राचा विचार केला, तर कदाचित येईल. नात्यागोत्याच्या माणसाऐवजी शिकलेल्या मुलाला, किंवा मुलीला, ती जागा देणे हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. निवडणूक आपणांस लढवावयाची आहे, मला नाही.

तरीही एक गोष्ट या वर्षीच करता येण्याजोगी आहे. विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो, तेव्हा त्यात नवीन बांधकामे असतात. देखभालीची यादी क्वचितच असते. गावातील प्रत्येक पंप, व्हॉल्व्ह, हातपंप व दिवा यांची मोजदाद समुदाय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्या. कोणती वस्तू केव्हा बसविली, किती वेळा बिघडली, दुरुस्तीस किती दिवस लागले व किती खर्च आला, एवढेच रकाने पुरेत. आमच्या मुलांनी एका गावासाठी केलेली अशी नोंदवही मी सोबत आणली आहे. तीत एकाच हातपंपापुढे सात वेळा ‘वॉशर’ असे लिहिलेले आढळेल. सातही वेळा तालुक्याहून माणूस आणावा लागला होता. वही मागच्या टेबलावर ठेवतो. मध्यंतरात ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी ती पाहावी, आणि कृपया परत ठेवावी, कारण तिची दुसरी प्रत नाही.