आधी डोळे, मग नाव



कोळ्यांच्या परिषदेला मूर्तिकार स्वागताध्यक्ष कसा, असे काहींना वाटले असेल. आमच्या पेणच्या कारखान्यांत मूर्ती घडते, रंगते आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. तांदळाच्या दाण्याएवढ्या कोळ्याची ओळख तुम्ही अभ्यासक डोळ्यांपासूनच सुरू करता, हे कळले आणि मी आनंदाने होकार दिला.

समोर दोन टपोरे डोळे, त्यांच्या शेजारी दोन लहान आणि उरलेले चार डोक्यावर मागे, तर तो उडी मारणारा कोळी. खाली चार बारीक डोळ्यांची ओळ आणि तिच्यावर मोठ्या डोळ्यांच्या दोन जोड्या, तर लांडगा कोळी. पण डोळे कुळापर्यंतच नेतात. जातीसाठी नराच्या तोंडाजवळच्या पॅल्प या अवयवाचे टोक आणि मादीच्या पोटाखालचे जननांग भिंगाखाली पाहावे लागते. तिथला एखादा काटा, एखादा बाक वेगळा निघाला की जातच वेगळी ठरू शकते. पिल्लांत हे अवयव तयार झालेले नसतात. म्हणून पाठीवरची नक्षी ओळखीची वाटली, तरी जाणकार जातीचे नाव घ्यायची घाई करत नाहीत.

ही चिकाटी फळाला येते. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जात म्हणून नोंद झाली. मुंबई हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला 'आयसियस तुकारामी' हे नाव मिळाले. तिथल्या गजबजाटात नवी जात सापडते, तर पेणच्या खारजमिनीत, कुंडलिकेच्या काठी आणि मुरूड-रोह्यात पसरलेल्या फणसाडच्या जंगलात शोधायला किती वाव असेल!

आमच्या मुलांकडे मोबाइल आहेत, पण ती कोळ्याच्या फक्त पाठीचा फोटो काढतात. चेहऱ्याचा आणि पोटाखालचाही फोटो घ्यायला त्यांना शिकवून जा, एवढेच यजमान म्हणून माझे मागणे आहे.

दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या.