पाण्याची वेळ
(नभोवाणीवरील भाषण)



कयाक घेऊन कुठं जावं, असं मला पुष्कळ जण विचारतात. कुणाला तलाव हवा असतो, कुणाला नदी, कुणाला समुद्रकिनारा. मी त्यांना आधी विचारतो, निघणार कधी? महिना कुठला, तिथी कुठली, सकाळ की दुपार? सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना बरीच वर्षं वल्हं मारल्यावर माझी एक खात्री झाली आहे. पाण्यावर जागा जितकी महत्त्वाची, तितकीच वेळ महत्त्वाची. आणि प्रत्येक पाण्याचं घड्याळ निराळं असतं. धरणाच्या तलावाचं घड्याळ वारा चालवतो. कुंडलिकेसारख्या नदीचं घड्याळ वीजकेंद्र चालवतं. खाडीचं घड्याळ चंद्राच्या हातात असतं. माझ्या आवडत्या जागा आज मी ह्या तीन घड्याळांप्रमाणे सांगणार आहे.

ज्यांनी कयाक पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कयाक म्हणजे एक-दोन माणसांची लांबट, निमुळती, हलकी होडी. पाय पुढं पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं डावी-उजवीकडं आलटून पालटून चालवायचं. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचं कातडं ताणून बसवत आणि शिकारीला निघत. आज ती प्लास्टिकची किंवा फायबरची असते. गुण मात्र तेच राहिले आहेत. वीतभर पाण्यात ती चालते, आवाज करत नाही, आणि तुमची कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीला येते. पुलावरून, घाटाच्या पायऱ्यांवरून, धरणाच्या भिंतीवरून आपण पाणी वर्षानुवर्षं बघत असतो. कयाकमध्ये बसल्यावर तेच पाणी आपल्याला पहिल्यांदा बाजूनं दिसतं.

आधी तलावाकडं जाऊ. नवख्या माणसाला मी पवना धरणाचा जलाशय सुचवतो. एका बाजूला लोहगड आणि विसापूर, दुसरीकडं तुंग, तिसरीकडं तिकोना. मावळातले हे चार किल्ले पाण्याच्या मधोमध बसून एकदम बघायला मिळतात, आणि ह्या पाण्यावर पहारा किती बाजूंनी होता ते नकाशाशिवाय कळतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात वाजता पाण्यावर धुकं असतं. वल्हं उचललं की पात्यावरून थेंब ओघळतात आणि होडीच्या बाजूला वर्तुळांची एक रांग उमटत जाते. वारा नसला तर ती वर्तुळं बराच वेळ पाण्यावर टिकतात. ती टिकत आहेत तोवर सकाळ आपली, असं मी मानतो.

हे मी शिकलो ते ह्याच तलावावर. एप्रिलमधली दुपार होती. पश्चिमेच्या काठावरून मी तिकोन्याच्या दिशेनं निघालो. होडी सुरेख पळत होती आणि हातांना श्रम जाणवत नव्हते. ते श्रम वारा करत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. उन्हाळ्यात दुपारी कोकणातून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा जोर धरतो. परत फिरलो तेव्हा तो तोंडावर आला. अर्ध्या तासाचं अंतर कापायला दोन तास लागले, तेही काठाच्या आडोशाला धरून धरून. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे. तलावावर पहिली निम्मी वाट वाऱ्याच्या तोंडावर जायचं. अंगात जोर असतो तेव्हा वाऱ्याशी झगडायचं आणि थकल्यावर त्याच्याच आधारानं घरी यायचं.

दुसरा तलाव भंडारदऱ्याचा. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पुरं झालं. शेंडीकडून निघालं की पाणी डोंगरांच्या पोटात शिरत रतनवाडीपर्यंत जातं. रतनगडावर जाणारी मंडळी पूर्वी लाँचनं तिथं उतरत. हाच प्रवास स्वतःच्या हातांनी करावा. एका बाजूला कळसूबाईची रांग, समोर रतनगड, आणि प्रवास संपतो तिथं अमृतेश्वराचं जुनं कोरीव देऊळ. सकाळी लवकर निघालात तर दुपारचा पश्चिमेचा वारा परतताना पाठीशी मिळतो. पवनेवर त्या दुपारी मला नडलेला वारा इथं उपयोगी पडतो, निघण्याची वेळ तेवढी साधायला हवी.

आता नदी. आपल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात चार महिने दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात डोहापुरत्या उरतात. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळची कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यातही फेसाळते. ह्याचं कारण घाटाच्या पलीकडं आहे. मुळा नदीवरच्या मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात आणलेलं आहे. वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सोडलं जातं. मुळेतून, भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडं जायचं ते पाणी असं रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. ह्याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्या मावळ्यांची आठवण कुंडलिकेत उतरताना ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

इथलं घड्याळ विजेचं. पाणी बहुधा सकाळी सुटतं. आधी काठावर थांबलं की कोरडे दगड, शेवाळ, मधे संथ प्रवाह एवढंच दिसतं. मग लांबून खळखळ ऐकू येते, पायाजवळचा दगड ओला होतो, बघता बघता बुडतो, आणि नदी बोलायला लागते. पुढच्या बारा-एक किलोमीटरांत उड्या आणि धारा लागतात. रबरी तराफ्यातून ती मजा पुष्कळांनी घेतली आहे. कयाकवाल्याची मजा वेगळी. तो मोठ्या दगडाच्या मागं शिरतो. तिथं प्रवाह उलटा वळून शांत झालेला असतो. मुख्य धार हातभर अंतरावरून गर्जत जाते आणि त्या खोपीत होडी पाळण्यासारखी हलत राहते. तिथं थांबायचं, पुढची धार नीट वाचायची, मगच उतरायचं. हे मात्र शिकवणाऱ्याबरोबरच करावं. उलटलेली कयाक बाहेर न पडता पाण्यातूनच सरळ करायची, ह्याला रोल म्हणतात. गोठवणाऱ्या समुद्रात इनुइट शिकाऱ्याचा जीव त्या एका कौशल्यावर अवलंबून असे. तेच कौशल्य आता कोलाडला शिकायला मिळतं. आणि त्या दिवशी पाणी सुटणार आहे ना, ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

नदीबद्दल दोन धोके स्पष्ट सांगतो. पंचगंगा, कृष्णा, भीमा ह्या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तेव्हा वरून ते दोन-चार फुटांची साधी उडी वाटतं. पण खाली पडलेलं पाणी तिथंच गोल फिरतं, आणि त्यात सापडलेली होडी किंवा माणूस पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडं ओढला जातो. बंधारा दिसला की काठाला लागायचं, होडी उचलायची आणि चालत पलीकडं न्यायची. दुसरा धोका मगरींचा. सांगलीजवळची कृष्णा, चिपळूणजवळची वाशिष्ठी, गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा इथं मगरी आहेत. ते पाणी त्यांचं आहे. झुवारीकाठच्या बोरीकडचे गावकरी पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात. मगरीचा मान राखायचा तो असा, अंतर राखून.

श्रोतेहो, आता माझ्या सगळ्यात लाडक्या पाण्याकडं येतो. ते म्हणजे खाडी.

खाडीचं घड्याळ वाचायची युक्ती कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल ती पूर्ण भरतीची ठोकळ वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाण्याची ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मवाळ. बंदराबंदराप्रमाणे ह्यात थोडा फरक पडतो, म्हणून छापील वेळापत्रकही बघावं. पण बेत आखायला एवढा हिशेब पुरतो.

हा हिशेब लावून मी तारकर्लीला जातो. तिथं कर्ली नदी समुद्राला समांतर वाहते, आणि नदी नि समुद्र ह्यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे देवबाग. सकाळच्या फेरीला एकादशी-द्वादशी उत्तम. भरती सव्वाआठ-नऊला पूर्ण होते. साडेसहाला निघालं की चढतं पाणी आपल्याला आपोआप आत नेतं. माड पाण्यावर वाकलेले असतात, ब्राह्मणी घारी घिरट्या घालत असतात, खंड्या खांबावरून सूर मारतो. घटकाभर पाणी थांबतं. मग ओहोटी लागते आणि तीच आपल्याला परत आणते. जाताना चंद्रानं ढकललं आणि येताना त्यानंच ओढलं, असा हा प्रवास असतो. एक पथ्य मात्र कडक पाळायचं. ओहोटीच्या वेळी संगमाच्या तोंडाशी जायचं नाही. बाहेर धावणारी नदी आणि आत येणाऱ्या लाटा तिथं एकमेकींवर आपटतात.

अशा भरतीतच कांदळवनात शिरता येतं. ओहोटीला तिथं नुसता चिखल असतो. एकदा एका अरुंद फाट्यात मी वल्हं आडवं मांडीवर ठेवून नुसता बसलो होतो. हाताच्या अंतरावर कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरली होती. त्यांच्यावर कालवं इतकी घट्ट बसली होती, की मूळ आणि शिंपला वेगळा करता येत नव्हता. वर फांदीला हिरव्या लांब शेंगा लोंबत होत्या. शेंग कसली, ते रोपच असतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हातभर वाढतं आणि मग खाली पडून चिखलात उभं राहतं किंवा भरतीबरोबर नवी जागा शोधत जातं. पाणी उतरायला लागलं तशी चिपीची शंकूसारखी मुळं एकेक करून डोकं वर काढू लागली. चिखलातून वर येऊन ती हवा घेतात. त्या चिखलावर एक निवटी कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत सरपटत गेली आणि उडी मारून दिसेनाशी झाली. हीच चिपी, म्हणजे पांढरी चिपी, 2020 साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरली. कांदळवन किनाऱ्याची धूप थांबवतं आणि माशांची पिल्लं सांभाळतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या फाट्यात बसल्यावर ते दिसलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक बायकांच्या बचत गटानं होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. स्वतः वल्हं मारण्याआधी त्यांच्या होडीत बसून झाडं ओळखायला शिकावं.

गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावर सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडं जायचं, आणि पाण्यात उतरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यायची. आसपासच्या खाड्यांत खाजन शेतीचे बांध आणि खारं पाणी अडवणारी मानशीची दारं अजून दिसतात. भरतीशी जमवून घेत शेती करणाऱ्या लोकांची ही अक्कल होडीतून फार जवळून न्याहाळता येते.

उघडा समुद्र मी शेवटी ठेवला, कारण तिथं सगळी घड्याळं एकदम चालतात. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडं मतलई वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा. शिडाच्या होड्यांचे आपले कोळी बांधव पहिल्यावर जात आणि दुसऱ्यावर येत. कयाकवाल्यानं लक्षात ठेवावं, की पहाटेचं पाणी सपाट दिसलं तरी वारा बाहेर नेत असतो. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी बघायची असो की गोव्यात पाळोळ्याच्या आसपास फिरायचं असो, एकट्यानं जाऊ नये आणि किनारा सोडू नये. पावसाळ्यात तर समुद्राचं नावच नको.

आणि लाइफ जॅकेट. मे 2024 मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यानं बोट उलटली आणि सहा जण बुडाले. समुद्रापासून इतक्या दूर, रोजच्या ये-जा करण्याच्या पाण्यात. पोहता येणाऱ्यानंही जॅकेट घालावं, त्याचे पट्टे आवळून बांधावेत, आणि कुठं चाललो, कधी परतणार ते काठावरच्या एका माणसाला सांगून जावं.

तेव्हा श्रोतेहो, घरातली दिनदर्शिका उघडा आणि कार्तिकी द्वादशी कुठल्या वारी येते ते पाहा. त्या दिवशी भरती सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण होईल. वारा पडलेला असेल, पाऊस सरलेला असेल. संध्याकाळी तुळशीचं लग्न लावायला तुम्ही वेळेवर घरी असाल. एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या, जवळच्या खाडीवर जा, आणि साडेसहाला पाण्यात उतरा.