छपराचा हिशोब



२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले, तेव्हा परिसरातील वारली पाड्यांवर गवताची आणि कौलांची छपरे होती. पुढे करसवलतींमुळे मसाट, पिपरिया भागांत कारखाने आले आणि पत्र्याचे छप्पर घालणारा कंत्राटदार हा नवा व्यावसायिक उदयास आला.

मृगापूर्वी काम हातावेगळे करणे ही त्याची पहिली अट. चढाओढीत दर उतरला की काटकसर पत्र्यांच्या जोडावर येते. वरचा पत्रा खालच्यावर निदान १५० मिलिमीटर चढावा लागतो. तो आखडला की वाऱ्याने पाणी उलटे आत शिरते. पन्हळी पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडावयाचे, हेही घाईत विसरले जाते. देयकातील काही रक्कम मालक पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवतो. कंत्राटदाराचा नफा बहुधा तेवढाच असतो!

याहून गंभीर गोष्ट माणसांची. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर किंवा उजेडासाठी बसविलेल्या पारदर्शक पत्र्यावर पाय पडला, तर कामगार थेट जमिनीवर येतो. चालण्यासाठी फळ्या, कमरेला पट्टा, खाली जाळी यांचा खर्च दरपत्रकात वेगळा मांडणारे थोडे. आणि मांडलाच, तर घासाघीस प्रथम तेथेच होते.