उधाण आणि भांग



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी चैत्र-वैशाखात थोरामोठ्यांची व्याख्याने होत आली आहेत. त्या मालिकेत आज माझ्यासारख्याने उभे राहावे हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे. मी विद्वान नव्हे. मी याच मुरबे गावात वाढलेला, चित्रे हलवून पोट भरणारा एक कारागीर आहे. माझ्या धंद्याला ॲनिमेशन म्हणतात. या धंद्यात राहून माणसाने घर कसे सांभाळावे आणि छंद कसा जपावा, एवढाच माझा आजचा विषय आहे. आपल्यापैकी पुष्कळांची तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत पाळी असते, पुष्कळजण पहाटेची गाडी गाठून मुंबईला जातात. तेव्हा विषय माझ्या एकट्याचा नाही.

प्रथम हा धंदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. पडद्यावर चित्र हलताना दिसते, पण खरे म्हणजे ते हलत नसते. एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि डोळा फसतो. हाताने काढायच्या पद्धतीत एकेक चित्र दोनदा वापरले, तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटाला सातशेवीस! आता संगणक आला आहे. आपणांस वाटेल, श्रम वाचले असतील. श्रमांचे रूप बदलले हे खरे, पण वाचलेला वेळ कारागिराच्या पदरात पडला नाही. दुरुस्ती करणे सोपे झाले म्हणून दुरुस्त्या वाढल्या. शिवाय आपल्याकडचे पुष्कळ काम परदेशाचे असते. तिकडे सकाळ होते तेव्हा इकडे रात्र पडू लागते, आणि तिकडच्या साहेबाच्या सूचना नेमक्या आपल्या जेवणाच्या वेळी येतात.

आपल्या देशात ही विद्या आणली ती दादासाहेब फाळक्यांनी. १९१२ साली विलायतेहून परतल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची छायाचित्रे घेतली. ती सलग दाखवली तेव्हा मिनिटभरात बी उगवून वेल वाढलेला लोकांनी पाहिला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लहानशा पटाचे नाव. एवढा धीर ज्या माणसाच्या अंगी होता, त्याच माणसाने त्याआधी अहोरात्र सिनेमाचा ध्यास घेऊन, झोप सोडून, आपले डोळे गमावण्याची वेळ आणली होती. डॉक्टर प्रभाकरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, म्हणून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

ही गोष्ट आपण ध्येयवेडाचे उदाहरण म्हणून मुलांना सांगतो. मला मात्र तिची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोके पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सगळे करीत होत्या. त्यांनी दागिनेही दिले. दादासाहेबांचा तोल त्यांनी सांभाळला. ज्या घरात एक माणूस कामात बुडून जातो, त्या घरात दुसरे कोणी तरी दोघांचे ओझे वाहत असते. त्या दुसऱ्या माणसाला मात्र आपण क्वचितच व्यासपीठावर बोलावतो.

आता माझी गोष्ट सांगतो. ती भूषणावह नाही, पण बोलल्यावाचून माझ्या बोलण्याला अर्थ राहणार नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कामावर मी अकरा आठवडे होतो. येण्याजाण्यात रोज पाच तास जात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, पण गाडी आली म्हणून अंतर थोडेच कमी होते! रविवारही गेले. लहानपणापासून मी गावच्या भजनात पखवाज वाजवीत असे, तो माळ्यावर गेला. पत्नी स्वतः नोकरी करून माझ्या वडिलांचे पथ्यपाणी पाहत होती. मुलगी मला झोपलेलीच दिसे.

एके रात्री जेवताना तिची वही समोर होती. पानांच्या कोपऱ्यांवर तिने लहान लहान चित्रे काढली होती. पाने भराभर उलटली की चित्र हलते, हा खेळ मीच तिला कधीतरी शिकवला होता. मी पाने उलटली. एक माणूस खांद्यावर पिशवी घेऊन दारातून निघाला आणि चालत चालत पानाबाहेर गेला. वही तिथे संपली. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, “बाळ, हा परत येतो ते कुठे आहे?” ती म्हणाली, “बाबा, ते मला माहीत नाही. तेव्हा मी झोपलेली असते.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागले.

मी वडिलांपाशी हे बोललो. त्यांचे आयुष्य डोलीच्या जाळ्यावर गेलेले. ते म्हणाले, “अरे, उधाणात आम्हीही घर विसरत होतो. पण नंतर भांग येते ना?” मुरब्याच्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याला मोठी ओढ असते, ते उधाण. तेव्हा डोलीत मासळी भरते, माणूस रात्रंदिवस पाण्यावर असतो. अष्टमीच्या सुमारास ओढ मंदावते, ती भांग. तेव्हा जाळी शिवायची, होडी पाहायची, सोयरीक जुळवायची, भजनाला बसायचे. पावसाळ्यात तर मासेमारीच बंद असते. या बंदीत पुढच्या हंगामाची मासळी वाढते, हे आज सरकार कायद्याने सांगते. आपल्या वाडवडिलांनी ते नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून पाळले होते.

वडिलांच्या त्या शब्दाने मला माझी चूक समजली. मी रोजच्या दिवसाचे सारखे भाग पाडू पाहत होतो. इतके तास काम, इतके घर, इतका छंद. काम अंगावर आले की ते वेळापत्रक मोडे, आणि मोडले की मी सगळेच सोडून देई. ज्या धंद्याला भरती-ओहोटी आहे, तिथे रोजचा हिशोब जुळत नाही. उधाणात झटावे, पण भांग सोडू नये. आमच्या धंद्याचा दोष हा, की एक काम संपण्यापूर्वीच दुसरे सुरू करून त्याने भांगच नाहीशी केली आहे.

आता कोणी म्हणेल, हे बोलणे ठीक, पण पगार देणारा ऐकतो काय? मी वरिष्ठांना स्पष्ट सांगितले, की काम पोचते केल्यावर मला सलग रजा हवी आणि रविवार मी देणार नाही. रजा मिळाली. पुढच्या मोठ्या कामाच्या यादीत मात्र माझे नाव नव्हते. ही किंमत मी आपल्यापासून लपवीत नाही. माझा हात बसलेला होता म्हणून मला ती परवडली. सहा महिन्यांच्या करारावर असलेल्या पोराने काय करावे?

येथे एकट्याचा निश्चय पुरत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण येथे केले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षे अर्ज-सभा केल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जो रविवार आम्ही साहेबाच्या एका संदेशावर हसत देऊन टाकतो, तो कोणीतरी सहा वर्षे झगडून मिळवलेला आहे. जी वस्तू सर्वांनी मिळून कमावली, ती एकेकट्याने फुंकून टाकू नये.

आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक आढळला.

छंदाविषयी थोडे बोलून मी पुरे करतो. छंद म्हणजे उरलेल्या वेळची चैन, असे आपण समजतो. विजया मुळे शिक्षणखात्यात काम करीत होत्या आणि आवडीपोटी फिल्म सोसायटीच्या चळवळीत राबत होत्या. त्याच बाईंनी १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ हा लहानसा कार्टूनपट केला, आणि तो पाहत एक अख्खी पिढी मोठी झाली. प्रत्येकाच्या छंदाला असे फळ येईल असे नाही, आणि यावेच असेही नाही. माझा पखवाज आजही कच्चाच आहे. पण भजनात मी कोणाचा नोकर नसतो, कोणी माझे काम तपासून परत पाठवीत नाही. चूक झाली तर शेजारचा टाळकरी हसतो, आणि आम्ही पुढचा अभंग घेतो. हा मोकळेपणा मिळाला की दुसऱ्या दिवशीचे काम चांगले होते, हा माझा अनुभव आहे. काम चांगले झाले नसते, तरी मी भजनाला गेलो असतो.

वडील आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात मी घरी होतो. ती रजा मागून घेतली नसती तर आज मी आपल्यापुढे उभा राहून उपदेश करण्याचे धाडस केले नसते. मुलीने पुढे ती वही मला दिली. तिच्यात तिने मागून काही पाने जोडली आहेत. त्यांत तो माणूस परत येतो. फार उशिरा येतो, चंद्र वर आलेला आहे. पण दार उघडे आहे, आणि दारात कोणीतरी जागे आहे.