स्मारक नाणी : संग्रह आणि मोल



थोर व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ सरकार जे नाणे काढते,
ते स्मारक नाणे.

स्वतंत्र भारतात ही प्रथा 1964 मध्ये सुरू झाली.
पहिला मान पंडित नेहरूंच्या नाण्याला मिळाला.
1990 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक रुपया आला.
1999 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले.

मुंबईत अंधेरी, मुलुंड, बोरिवलीच्या घरांत अशी नाणी आजही सापडतात.

नाणे कुठल्या टांकसाळीतले, हे ओळखण्यासाठी ते उजेडात धरावे.
वर्षाच्या आकड्याखाली पाहावे.
तिथे हिऱ्यासारखी खूण असेल,
तर ते मुंबईच्या टांकसाळीतले.
तारा असेल, तर हैदराबादचे.

नाण्याचे मोल दोन गोष्टींवर ठरते.
दुर्मिळता आणि अवस्था.
नुसते जुनेपण पुरेसे नाही.
भरपूर निघालेले, झिजलेले नाणे
बहुधा दर्शनी किमतीचेच राहते.

नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासू नये.
घासल्याने मूळ झळाळी जाते, मोल उतरते.
नाणे नेहमी कडेने धरावे,
कोरड्या जागी ठेवावे.

जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो,
आधी शुल्क भरा, असे कोणी सांगितले,
तर एक पैसाही देऊ नये.
रिझर्व्ह बँकेनेही हा इशारा दिला आहे.

पुन्हा लक्षात ठेवावे :
आधी दुर्मिळता आणि अवस्था पाहावी,
मगच मोल ठरवावे.