सोन्याच्या कणाला पडलेला पीळ

दोन्ही तळहात एकावर एक पालथे ठेवा. आकार तोच, पण अंगठे विरुद्ध दिशांना. साखरेच्या रेणूतही असा डावे-उजवेपणा असतो. म्हणून साखरेचं पाणी ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची, पातळी किंचित फिरवतं.

सोन्याच्या कणांत हा गुण आणला २०१८ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या की ते नाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात त्यांनी सोन्याचेच अतिसूक्ष्म घन बियांसारखे सोडले. सोबत ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपलं क जीवनसत्त्व, आणि अगदी थोडं सिस्टीन. हे अमिनो आम्ल आपल्या केसांतही असतं. ते कणाच्या एकाच वळणाच्या पृष्ठांना जास्त धरून बसतं, मग सोनं तिरकं चढत जातं आणि घनाच्या कडांना पीळ पडतो. सिस्टीनचं आरशातलं रूप वापरलं की पीळ उलटा! एका रेणूचं वळण त्याच्या शेकडो पट मोठ्या कणात उतरावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशासोबत हिंदकळतात, त्यामुळे प्रकाशावरचा परिणाम साध्या रेणूंपेक्षा कितीतरी जोरकस होतो. द्रावण दोन ध्रुवकांमध्ये, म्हणजे प्रकाश ध्रुवित करणाऱ्या पट्ट्यांमध्ये, धरून एक ध्रुवक हळूहळू फिरवला, तर द्रावणाचा रंग नुसत्या डोळ्यांनाही पालटताना दिसतो.