राजमार्ग आणि दोन तीर



पुणे आणि हैदराबाद यांना जोडणारा राजमार्ग ही केवळ डांबराची पट्टी नव्हे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरहून याच मार्गाने हैदराबाद संस्थानात शिरली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. रझाकारांच्या जुलमातून मराठवाडा मुक्त झाला. राष्ट्राच्या एकात्मतेस रस्ता कसा उपयोगी पडतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागत नाही.

पूर्वी ९ क्रमांकाचा असलेला हा मार्ग आज ६५ क्रमांकाने ओळखला जातो. भिगवण, पळसदेव, इंदापूर ही गावे मागे टाकून तो भीमानगरपाशी भीमा ओलांडतो व टेंभुर्णीस पोहोचतो. येथेच १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. यशवंतसागराच्या पाण्याने सोलापूर जिल्ह्याचे कोरडवाहू जिणे पालटले. परंतु त्यासाठी काठच्या गावांनी घरे, शिवारे आणि ग्रामदैवतांची स्थानेही अर्पण केली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर वर येते आणि त्या त्यागाची मूक साक्ष देते.

या त्यागाचे फळ दोन्ही तीरांस सारखे मिळाले काय? दक्षिण तीराला राजमार्ग लाभला. उत्तरेकडील करमाळा तालुक्यातील अनेक गावांना तो मार्ग पाण्यापलीकडे डोळ्यांना दिसतो, पण तेथे पोहोचण्यास दूरचा वळसा पडतो. कंदरची केळी परदेशी जातात, काठावर ऊस उभा राहतो, जलाशयात मासळी विपुल मिळते. नाशवंत मालाला मात्र वेळेचे मोल असते. बाळंतीण किंवा अत्यवस्थ रुग्ण यांना तर ते अधिकच असते. वळसा टाळण्यासाठी माणसे होडीत बसतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यांत चिमुकली बालकेही होती.

कुगाव–शिरसोडी पुलाला शासनाने मंजुरी दिली, हे योग्यच झाले. तथापि मंजुरीचा कागद माणसाला पैलतीरी नेत नाही. पूल उभा राहीपर्यंत प्रत्येक होडीत जीवरक्षक जाकिटे असणे, क्षमतेहून अधिक माणसे न बसवणे आणि वारा सुटताच होडी काठाला बांधणे, हे गावकऱ्यांच्या हाती आहे. पुलाच्या कामाचा नेटाने पाठपुरावा करणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अंत्योदयाचा विचार मांडला. रांगेतील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते तेच खरे हित, हा त्याचा आशय. अटलजींच्या शासनाने सुवर्ण चतुष्कोनाबरोबरच २००० साली ग्रामसडक योजनाही हाती घेतली, त्यामागे हीच दृष्टी होती. धमन्या कितीही रुंद असल्या, तरी बोटांच्या टोकापर्यंत रक्त न पोहोचल्यास शरीर बधिर होते. दोन महानगरे जोडणारा राजमार्ग भीमेचे दोन तीर जोडील, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने राष्ट्रमार्ग ठरेल.